रेतीतला सूर

आमच्या बगीच्यातल्या विहिरीत सूर मारायच्या आधी एक खडा टाकावा लागे. वैशाखातल्या भर दुपारी, वारा पडलेला असताना, विहिरीचं पाणी इतकं थिजलेलं असतं की ते नेमकं कुठून सुरू होतं हे वरून कळत नाही. आभाळाचा गोल तुकडा आणि काठावरच्या चिंचेची फांदी तेवढी दिसते. खडा पडला की वर्तुळं उठतात आणि डोळ्याला पाणी सापडतं. मोठ्या पोरांनी आम्हाला हे शिकवलं, त्यांना त्यांच्या मोठ्यांनी शिकवलं असणार.

पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर ऑलिम्पिकमधल्या उड्या पाहताना लक्षात आलं, उडी पडते त्या जागी पाण्यावर सतत बारीक फवारा सोडलेला असतो. कारण तेच. दहा मीटरवरून गिरक्या घेत खाली येणाऱ्या माणसाला पाणी कुठे आहे ते दिसलं पाहिजे. त्या दिवशी मी घरात एकटाच होतो आणि मोठ्याने म्हणालो, "खडा!"

आमचं गाव वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यातलं. विहीर आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या वडिलांनी खोदलेली. वरचे दहा-बारा हात बांधकाम, खाली उभा काळा पाषाण. मोट माझ्या जन्माआधीच बंद झाली होती, पण मोटेचं थारोळं, म्हणजे मोट रिकामी व्हायची ती काठावरची दगडी जागा, शाबूत होतं आणि तेच आमचं उडी मारायचं ठिकाण. उन्हाळ्यात पाणी वीस-बावीस फूट खाली जाई आणि तरी दोन पुरुष उरे. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून सगळे पोहायला शिकले, मीही तसाच शिकलो. मग मुटके. गुडघे छातीशी घेऊन धप्पकन पडायचं, जितकं पाणी उडेल तितकी शाबासकी. सूर मारणारे थोडे. सूर चुकला की पोटावर अशी थप्पड बसते की रात्री कुशीवर झोपावं लागतं.

आमच्या बरोबरीच्या पोरांत सगळ्यात सुंदर सूर ज्याचा होता, तो त्या विहिरीवर कधी पोहायला आला नाही. त्याचं घर बौद्धपुऱ्यात होतं. विहिरीवर पाटी नव्हती, कुणी कुणाला दम दिल्याचंही मला आठवत नाही. त्याची गरजच नव्हती. कोणी कुठल्या पाण्यात उतरायचं हे गावातल्या दुधपित्या लेकरालाही माहीत होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्याबद्दल लिहितोय हे त्याला सांगितलंय, नाव लिहू का हे विचारलेलं नाही.

तो नदीवर असे. पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत डोहात पाणी असायचं, फाल्गुन लागला की सगळी रेती. आम्ही विहिरीत उड्या मारत असू तेव्हा तो आणि त्याच्या पुऱ्यातली पोरं नदीच्या दरडीवरून रेतीत उड्या मारत. मी एकदा म्हशी शोधायला गेलो असताना पाहिलं. तो दरडीच्या टोकावर पाठमोरा उभा राहिला, टाचा हवेत, फक्त चवडे जमिनीवर. मग मागच्या मागे कोलांटी घेतली आणि खाली दोन्ही पायांवर उतरला, घोट्यापर्यंत रेतीत रुतला. उठून पाय झटकले आणि पुन्हा वर चढला. मी सहा वेळा मोजलं. प्रत्येक वेळी उतरल्यावर तो वळून आपल्या पावलांचे ठसे बघत होता. दोन्ही पाय एका रेषेत पडले की नाही, ते.

मी सातवीत होतो त्या वर्षी भर एप्रिलमध्ये मोटारीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या बुडाची जाळीची झडप, चोंदला. झाडांवर आंबिया बहार धरलेला, दोन दिवस पाणी चुकलं तर बारीक फळं गळून पडणार. पाइप वर ओढायला माणसं मिळेनात. आबाजींनी सालदाराला पाठवलं, तो त्याला घेऊन आला. तेरा वर्षांचं पोर, अंगात खाकी चड्डी. पायऱ्यांनी उतरता आलं असतं, पण तो थारोळ्यावर चढला. एक खडा उचलला, टाकला. वर्तुळं काठाला लागेपर्यंत थांबला. मग हात वर घेतले, आणि ते हात मला आजही दिसतात. आम्ही सारे नमस्कारासारखे हात जोडून सूर मारायचो, टोकदार, भाल्यासारखे. त्याने एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं धरली आणि तळवा उलटा करून सपाट आभाळाकडे केला. उडी मारल्यावर तोच तळवा पाण्याला आधी लागणार होता.

पाणी उडालंच नाही. जाड मांजरपाट एका झटक्यात फाडावा तसा आवाज आला आणि पाणी मिटलं. तीनदा बुडी मारून त्याने जाळीत अडकलेलं शेवाळ आणि एका पोत्याची चिंधी काढून आणली. आबाजींनी दोन रुपये दिले. हातात दिले नाहीत, काठाच्या दगडावर ठेवले. तो गेल्यावर मोठी आई तांब्यात गोमूत्र घेऊन आली, त्यात तुळशीचं पान होतं. ते विहिरीत शिंपडलं. आम्हाला सांगितलं, मोटार तासभर चालू द्या, मग उतरा. तासाभराने आम्ही उतरलो. मीही उतरलो.

हे सगळं डोक्याच्या कुठल्या कोपऱ्यात पडून होतं कोण जाणे. ते वर आलं एका परक्या माणसाच्या गोष्टीने.

१९८८ साली मी अमरावतीला नोकरीला होतो. सोल ऑलिम्पिकच्या बातम्यांत एक दृश्य दाखवलं. अमेरिकेचा ग्रेग लुगेनिस तीन मीटरच्या फळीवरून उलटी अडीच गिरकी घेताना फळीला डोकं आपटून पाण्यात पडला. प्राथमिक फेरीतली नववी उडी होती. टाके घालून तो परत आला, पुढची उडी त्या फेरीतली सर्वोत्तम मारली आणि दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक घेतलं. काही दिवसांनी दहा मीटरच्या मनोऱ्यावर चीनच्या चौदा वर्षांच्या श्योंग नी याला अवघ्या १.१४ गुणांनी मागे टाकून दुसरंही घेतलं. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्येही त्याने हीच दोन पदकं जिंकली होती. मला वेड लागलं या माणसाचं. मिळेल ते कात्रण ठेवू लागलो.

दहा मीटरवरून नुसतं खाली पडलं तरी पाण्याला लागेपर्यंत दीड सेकंदही मिळत नाही, आणि लागताना वेग ताशी पन्नास किलोमीटर असतो. त्या वेगाला पाणी पाण्यासारखं वागत नाही. म्हणून तळवा सपाट ठेवतात. सपाट तळव्याने पाण्यात एक पोकळी होते, पाठोपाठ सगळं अंग त्या पोकळीतून आत जातं आणि उडायला पाणी उरत नाही. त्या आवाजाला इंग्रजीत कापड फाटण्याचाच शब्द आहे हे वाचलं तेव्हा मला मांजरपाट आठवला. आमच्या गावातल्या पोराने हे कुठे पाहिलं होतं? कुठेच नाही. त्याचं त्यालाच सापडलं होतं.

लुगेनिसच्या मागे मागे जात मी त्याच्या गुरूपर्यंत पोचलो. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकआधी हा सोळा वर्षांचा मुलगा ज्यांच्या घरी राहून शिकला, ते डॉ. सॅमी ली. लुगेनिस सामोअन वंशाचा, दत्तक दिलेला, लहानपणी बोलताना अडखळणारा. रंगावरून शाळेत पोरं त्याला छळत. मॉन्ट्रियलला त्याने मनोऱ्यावर रौप्यपदक मिळवलं, इटलीच्या क्लाउस डिबियासीच्या मागोमाग. अशा मुलाला लींनी घरात घेतलं यात नवल नाही. त्यांचं स्वतःचं लहानपण कळल्यावर तर मुळीच नाही.

सॅमी ली १९२० साली कॅलिफोर्नियात जन्मले. आई-वडील कोरियातून आलेले. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक भरलं तेव्हा सॅमी बारा वर्षांचे होते. रस्त्यावर लागलेले देशोदेशींचे झेंडे पाहून त्यांनी वडिलांना सांगितलं, मी ऑलिम्पिक जिंकणार. कशात, ते तेव्हा ठरलं नव्हतं. नंतर सूर सापडला. पण सराव करायचा कुठे? पॅसाडिनाच्या ब्रुकसाइड तलावात गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता. तो दिवस संपला की तलावातलं सगळं पाणी सोडून देत आणि नवं भरत, असं ली स्वतः सांगत.

पहिल्यांदा हे वाक्य वाचलं तेव्हा मी वाचणं थांबवलं. तांब्यातलं गोमूत्र आणि त्यातलं तुळशीचं पान माझ्या डोळ्यांपुढे आलं. कुठे पॅसाडिना, कुठे आमचा बगीचा. त्यांच्याकडे पाणी मुबलक म्हणून त्यांनी सगळं सोडलं, आमच्याकडे बहार वाचवायचा होता म्हणून तांब्यावर भागलं.

उरलेल्या सहा दिवसांसाठी लींचे प्रशिक्षक जिम रायन यांनी आपल्या घरामागच्या अंगणात मोठा खड्डा खणला आणि त्यात रेती भरली. मुलगा रेतीत उड्या मारू लागला. रेतीत उतरणाऱ्याच्या पायांना जे बळ येतं ते पाण्यात उतरून येत नाही, कारण रेती प्रत्येक उडीचा हिशोब गुडघ्यांकडून लगेच वसूल करते.

पुढचा प्रवास पुष्कळांना ठाऊक असेल. शाळेत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला अध्यक्ष असूनही शेवटच्या वर्षाचा समारंभ ज्या सभागृहात होता तिथे त्यांना वंशावरून प्रवेश नव्हता. वडिलांना दिलेल्या शब्दाप्रमाणे ते डॉक्टर झाले, कान-नाक-घशाचे. १९४८ ला लंडनमध्ये मनोऱ्यावरून साडेतीन गिरक्यांची उडी मारून सुवर्ण, फळीवर कांस्य. १९५२ ला हेलसिंकीत पुन्हा मनोऱ्यावर सुवर्ण, तेही बत्तिसाव्या वाढदिवशी. मनोऱ्यावरचं सुवर्ण लागोपाठ दोनदा जिंकणारे ते पहिले पुरुष. तोवर ते अमेरिकेच्या लष्करात मेजर होते. आणि १९५५ साली, दोन ऑलिम्पिक जिंकलेला, लष्करात सेवा केलेला हा डॉक्टर गार्डन ग्रोव्ह नावाच्या गावात घर घ्यायला गेला तेव्हा त्याला घर नाकारलं, कारण चेहरा कोरियन. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, मग कुठे घर मिळालं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये शहाण्णवाव्या वर्षी ते वारले.

लींची गोष्ट जिथे जिथे सांगतात तिथे त्या रेतीच्या खड्ड्याचं फार कौतुक असतं. अडचणीवर मात, जिद्द वगैरे. मला त्या कौतुकाचा त्रास होतो. खड्ड्यासाठी जिम रायनचं कौतुक करावं, जरूर करावं. पण तो खणावा लागला याची लाज कुणाला वाटली? त्याच दिवशी तलावावर येणारी दुसरी काळी-सावळी पोरंही असतील. त्यांच्यात कुणाचे हात असे सपाट वळत होते, कुणाला पाठमोरं उभं राहण्याची भीती नव्हती, हे कोण बघणार होतं? त्यांच्यासाठी कुणी अंगण खणलं नाही. आमच्याकडे तर नदीच खड्डा होती, पण तिच्या काठी जिम रायन नव्हता. मी होतो. सहा उड्या मोजून मी म्हशी घेऊन घरी आलो.

आपल्याकडे यावर कुणी काही केलं नाही असं मात्र नाही, आणि हे मी वऱ्हाडातला म्हणून अभिमानाने सांगतो. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, आणि त्याच वर्षी आमच्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाची चळवळ उभी राहते. पुढच्या वर्षी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज सगळ्यांसाठी उघडतात. म्हणजे सॅमी ली रेतीत उड्या मारू लागले त्याच्याही आधी इथे हा झगडा सुरू झालेला होता. तरी माझ्या सातवीत, पन्नास वर्षांनंतर, दोन रुपये दगडावर ठेवले गेले. आणि २०१६ साली, ली वारले त्याच वर्षी, वाशीम जिल्ह्यातल्या एका मजुराने बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं म्हणून एकट्याने खणायला घेतलं आणि चाळीस दिवसांत स्वतःची विहीर काढली. पेपरात फोटो आला होता. खाली माणूस, वर मातीचा ढीग. तेव्हाही सगळे म्हणाले, काय जिद्द!

लुगेनिसकडे एकदा परत यावंसं वाटतं. सोलला डोकं आपटलं तेव्हा आपल्याला एचआयव्हीची लागण आहे हे त्याला सहा महिने आधीपासून माहीत होतं. १९९५ मध्ये त्याने ते जाहीर केलं आणि लगेच लोकांनी विचारलं, मग त्या तलावात रक्त सांडलं त्याचं काय? डॉक्टरांनी समजावून सांगितलं की एवढ्या क्लोरीनच्या पाण्यात थेंबभर रक्ताने कुणालाही धोका नव्हता. आजाराची भीती आणि जातीचा विटाळ या वेगळ्या गोष्टी आहेत, मला ठाऊक आहे. पण एका माणसाने पाण्याला हात लावला की सगळ्यांचं लक्ष त्याच्या उडीवरून उडतं आणि पाण्याकडे जातं, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं दिसलं.

आपल्या मातीत ही कला नव्हती असंही कुणी समजू नये. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले तेव्हा फळी आणि मनोरा या दोन्ही प्रकारांतली सुवर्णपदकं भारताच्या के. पी. ठक्कर यांनी जिंकली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात १९१४ पासून पिढ्यान्‌पिढ्या शरीर घडवलं जातंय. मल्लखांबावरचं पोर हवेत स्वतःला कसं गोळा करतं आणि पुन्हा सरळ होतं ते पाहा, सुराला लागणारं निम्मं शिक्षण तिथेच झालेलं असतं. लुगेनिसचीही सुरुवात नाच आणि कसरतीतून झाली होती. पोरं होती आणि विहिरीही होत्या.

आता विहिरी गेल्या. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या नकाशावर अतिउपशाचा म्हणून नोंदलेला आहे, लोक त्याला डार्क झोन म्हणतात. बोअर आठशे, हजार फुटांवर गेलं आणि वरच्या विहिरी एकेक करून आटल्या. आमचीही आटली. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा तो भेटला. वीज मंडळात लाइनमन होता, निवृत्त होऊन गावीच राहतो. आम्ही चालत बगीच्यात गेलो. चिंच आहे. थारोळ्याचा एक दगड निखळलाय. आत तळाशी वाळलेला पाला आणि एक तुटकी प्लॅस्टिकची खुर्ची.

मी त्याला सॅमी लींची गोष्ट सांगितली. सांगायला घेतली तेव्हा मनात होतं की शेवटी त्या गोमूत्राचं बोलू, इतक्या वर्षांनी. तो काठावर बसून ऐकत होता. तलाव रिकामा करत, इथपर्यंत आलो तेव्हा त्याने मला थांबवलं.

"सारं पाणी सोडून देत?"

"हो."

"इतल्या मोठ्या टाक्याचं? दर हप्त्याले?" तो आत वाळक्या पाल्याकडे बघत राहिला. "बाप्पा. इथं झाडं जगवाले पाणी नाई."

मग म्हणाला, "आन् रेतीत पायावर पडे का डोक्यावर?"

"पायावर."

"हा, मंग बराबर हाय."

मी घसा साफ केला. त्या दिवशी तू गेल्यावर मोठ्या आईने विहिरीत काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही, असं म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मले मालूम हाय. मी गेलोच नोतो. त्या धुऱ्यावर उभा राहून पाह्यलं सारं."

धुरा, म्हणजे शेताचा बांध, तिथून पन्नास पावलांवर आहे. म्हणजे तासाभराने आम्ही उतरलो तेही त्याने पाहिलं असणार. मला बोलता येईना. पुढच्या वर्षी फुटवॉल पुन्हा चोंदला होता, त्याच्या पुढच्याही वर्षी, आणि दोन्ही वेळा तो आला होता. शेवटी तेच विचारलं. सगळं पाहिलं होतंस तर परत कशाला आलास?

"दोन रुपये भेटे ना बे," तो म्हणाला. मग थोडा वेळ गेला. त्याने काठावरून एक खडा उचलला, अंगठ्याने त्याच्यावरची माती पुसली.

"आन् इतली उंची दुसरीकडे कुठी होती?"

खडा त्याने टाकला नाही. हातात फिरवला आणि होता तिथेच दगडावर परत ठेवला.